पंखावरची फिल्म आणि तिचा झोळ

प्रश्न : पायडल मारून उडवायच्या विमानांच्या पंखांवर प्लास्टिकची फिल्म असते. ती हवेत फाटत कशी नाही? (बारावीची विद्यार्थिनी, सातारा)

वेग कमी म्हणून टिकते. २३ एप्रिल १९८८ रोजी ग्रीसमधल्या क्रीट बेटाहून सँटोरिनी बेटापर्यंत ११५ किलोमीटर गेलेले पायडलचे विमान ‘डीडॅलस’ घ्या. पंखांची लांबी ३४ मीटर, रिकाम्या विमानाचे वजन ३१ किलो, वेग सेकंदाला सात मीटरच्या आसपास. एवढ्या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब भरतो साधारण ३० पास्कल. ताटात तीन मिलिमीटर पाणी ओतले तर तळावर येईल तितकाच. मायलार या पॉलिएस्टर प्लास्टिकची फिल्म तो सहज पेलते. सँटोरिनीच्या किनाऱ्यापाशी वाऱ्याच्या झोताने आधी मोडला तो शेपटीचा दांडा. फिल्मची खरी कसोटी आकार धरण्यात लागते.

प्रश्न : मी बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) विमानाच्या मॉडेलवर इस्त्रीने फिल्म बसवतो. पंखाला आकार देणाऱ्या दोन फासळ्यांमध्ये झोळ पडतोच. नुकसान किती? (मॉडेलर, पुणे)

झोळ कुठे आहे, यावर अवलंबून. पंखाच्या फुगीर पाठीवर फिल्म ताणली की ती आत ओढली जाते. त्यामुळे तुम्ही आखलेला आकार फक्त फासळीवर राहतो. मधे पंख बारीक, चपटा होतो. उडताना वरच्या बाजूची ओढ फिल्म थोडी उचलते, म्हणजे आकार वेगाप्रमाणेही बदलतो. पंख तिरपा धरून ट्यूबलाइटचे प्रतिबिंब बघा. फासळीगणिक ते लाटेसारखे वाकडे दिसेल.

पुढच्या भागात हे महागात पडते. मंद वेगात पंखालगतचा हवेचा थर नाजूक असतो : तो शांतपणे सरकतो, मधेच पृष्ठभाग सोडतो, खवळतो आणि नशीब असेल तर पुन्हा चिकटतो. पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बिघडला किंवा तिथे आडवी सुरकुती पडली, तर तो चुकीच्या जागी सुटतो; हवेचा विरोध वाढतो, उचल घटते. म्हणून पंखाच्या पुढच्या एक-तृतीयांश भागावर पातळ बाल्सा चढवा आणि त्यावर फिल्म. पायडलच्या मोठ्या विमानांत हेच काम फोमचे पातळ आवरण करते. मागचा झोळ खुशाल राहू द्या. तो घालवायला फिल्म फार ताणलीत, तर मागची कड फासळ्यांमध्ये आत ओढली जाईल आणि हलका सांगाडा पिळला जाईल. मला त्या पिळाची जास्त भीती वाटते.

प्रश्न : ‘हेलिओस’ हे नासाचे सौर विमान फिल्म फाटून पडले ना? (अभियंता, नागपूर)

फिल्म फाटली, पण शेवटी. २००१ मध्ये याच विमानाने २९ किलोमीटरहून अधिक उंची गाठली होती. २६ जून २००३ रोजी, हवाईतील काउआईजवळ, खवळलेल्या हवेत ७५ मीटरचा पंख धनुष्यासारखा वर वाकला आणि तसाच राहिला. मग नाक वर-खाली हेलकावू लागले, हेलकावे वाढत गेले, वेग मर्यादेबाहेर गेला. तेव्हा कुठे पुढची कड तुटून वरचे आवरण सौरपट्ट्यांसकट उखडले.

प्रश्न : उन्हाळ्यात फिल्म सैल का पडते? (तेच मॉडेलर)

कोरड्या हवेत लाकूड आकसते. फिल्म पुन्हा ताणायला हेअर ड्रायर दुरून फिरवा, एका जागी धरू नका.