डुकरांच्या फार्ममध्ये जिवाणू कसा पसरतो याचं मॉडेल करायचंय, एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस) घेतलाय. साधं एसआयआर (बाधा होऊ शकणारे, बाधित, बरे होऊन सुटलेले असे तीन गट) चालेल का?

नाही चालणार. सीसी-३९८, म्हणजे डुकरांत आढळणारा एमआरएसएचा प्रकार, नाकात घेऊन फिरणारं डुक्कर मुळात आजारीच नसतं, मग बरं होऊन प्रतिकारशक्ती मिळवणार कसलं? आज स्वॅब निगेटिव्ह, पुढच्या आठवड्यात पुन्हा पॉझिटिव्ह. एसआयएस घ्या, त्यात बाधित जनावर पुन्हा बाधा होऊ शकणाऱ्यांत परत येतं. पण खरी गोम तिथे नाहीच.

मी डेन्मार्कमध्ये यावरच दोन वर्षं काढली. आमच्या मॉडेलमध्ये अख्खी बॅच एकदम आत, एकदम बाहेर, मधे शेड धुऊन कोरडी. कागदावर झकास. एकदाचा फार्मवर गेलो. दारातच आंघोळ, कपडे त्यांचे, बूट त्यांचे. आत एक कामगार बाई दूध तोडलेली पिल्लं पुढच्या शेडमध्ये हाकत होती. त्यातली पाच-सहा मरतुकडी तिने मागच्या पायाला धरून उचलली आणि पाठच्या, वयाने लहान बॅचच्या कप्प्यात सोडली. विचारलं तर म्हणाली, वाढली नाहीत, अजून आठवडाभर खातील. दर बॅचला असंच? तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं विचारलंच नाही.

गाइडला सांगितलं. "पाच-सहा? नॉइज आहे, सोडून दे." अहो, आकडा लहान आहे, पण जुन्या बॅचचा जिवाणू धुतलेल्या शेडवरून उडी मारून नव्या बॅचमध्ये नेणारी तीच आहेत! मी हट्टाने ती पिल्लं मॉडेलमध्ये घातली, तर एरवी विझणारा संसर्ग विझेना. पेपरमध्ये ते परिशिष्टात गेलं. अजून डोक्यात जातं.

फार्म-फार्ममधला प्रसार मुख्यतः जनावरांच्या खरेदी-विक्रीतून. डेन्मार्कात मांसासाठीच्या डुकरांचे ६८ टक्के कळप २०१४ मध्ये पॉझिटिव्ह होते, २०१६ मध्ये ८८. नॉर्वेने मात्र सापडला कळप की रिकामा केला, शेड निर्जंतुक केली आणि स्वच्छ डुकरं आणून पुन्हा भरली. तिथे जिवाणू बऱ्याचदा माणसांनीच आत आणला होता, तेव्हा कामगारही मॉडेलमध्ये हवेत. डेन्मार्कने वेळेत हे करायला हवं होतं, असं माझं ठाम मत. अर्थात नॉर्वेत पॉझिटिव्ह कळप मोजके होते आणि जिवंत डुकरांची आयात जवळपास नाही, हेही खरं.



तेव्हा आधी एक दिवस गमबूट घालून फार्मवर उभे राहा, किती पिल्लं मागे जातात ते मोजा आणि तो दर मुख्य समीकरणात घाला. परिशिष्टात नव्हे.