शाई बदलली आणि चेहरे हिरवट झाले

प्रश्न: घरच्या फोटो प्रिंटरमध्ये दुसऱ्या कंपनीची शाई भरल्यापासून चेहरे हिरवट येतात. काय करू?

उत्तर: आधी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तपासायचं चाचणी-पान, छापा. मॅजेंटाच्या (गुलाबीसर लाल शाईच्या) रेघा तुटक असतील तर दोष शाईच्या रंगाचा नाही, ती नीट येतच नाही; प्रिंटरच्या मेनूतून हेड क्लीन (छिद्रांची सफाई) करा. रेघा अखंड असतील तर प्रोफाइल, म्हणजे कोणत्या रंगाला किती शाई हे ठरवणारी फाइल, पाहा. ड्रायव्हरमधलं (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) प्रोफाइल मूळ शाई धरून बनवलेलं असतं. तुमच्या शाई-कागदाच्या जोडीसाठी आयसीसी प्रोफाइल (अशा फाइलचा प्रमाणित प्रकार) करून घ्या. मी तसं केलं, तेव्हा कुठे आईच्या फोटोतला सावळा रंग तिचा वाटला. फार बरं वाटलं. प्रोफाइल लावल्यावर ड्रायव्हरची रंगदुरुस्ती मात्र बंदच ठेवा, नाहीतर दुरुस्ती दोनदा होते. आणि रंग जोखण्याआधी प्रिंट २४ तास वाळू द्या.