वर्कशॉपच्या दारातून : कयाकच्या ढकलगाडीला सरकतं काय काय ठेवायचं?

प्रश्न : काका, आमचं देवबागला होमस्टे आहे. दोघांच्या कयाक, एकट्याच्या कयाक आणि उभं राहून वल्हवायची एक फळी असा पसारा आहे. घरापासून आधी पाणंद, मग सुकी वाळू, मग पाणी. सुकती असली की अंतर आणखी वाढतं. दर वेळी दोन माणसं लागतात आणि संध्याकाळी दोघांच्याही कंबरा धरतात. सगळ्यांना चालेल अशी एकच ढकलगाडी करायची आहे. चित्र सोबत पाठवतोय. रुंदी सरकती, उंची सरकती, आस पुढेमागे सरकणारा, दांडा लांब होणारा आणि दुमडणारा, वर कूलबॉक्स-खुर्च्यांसाठी उघडणारं फळकूट. सहा इंची चाकं आणून ठेवली आहेत. काय बदलू?

उत्तर : चित्र नेटकं आहे. चाकं तेवढी दुकानदाराला परत करून या.

सहा इंची चाक गोदामातल्या फरशीसाठी असतं. तुमच्या पुळणीवर ते फिरणारच नाही, नांगरासारखं घासत जाईल. हिशोब मांडू. दोघांची प्लास्टिकची कयाक ३० ते ३८ किलो भरते. वल्ही, लाइफ जॅकेटं धरून ४० म्हणा, गाडीचे ८. एकूण ४८, म्हणजे दर चाकावर २४. हवेचं चाक जमिनीला जवळपास आतल्या हवेच्याच दाबाने दाबतं. ३० पौंड हवा भरलीत तर दर चौरस सेंटिमीटरवर दोन किलो पडतात आणि २४ किलो पेलायला चाकाला १२ चौरस सेंटिमीटर जागा पुरते. एवढ्याशा जागेवर वाळू काय धरणार? तेच ३ पौंडांवर चाललं तर चाक पसरतं, १२० चौरस सेंटिमीटरवर बसतं. उभ्या माणसाच्या पावलाखाली साधारण इतकाच दाब असतो. म्हणून पाऊल जिथे फारसं रुतत नाही तिथे ते चाकही रुतत नाही. राजस्थानात उंटगाड्यांना विमानाचे जुने टायर लावलेले दिसतात, ते हौसेखातर नव्हे.

रिक्षाचा टायर लावू का, हे तुमचं पुढचं पत्र असणार, म्हणून आत्ताच सांगतो. ४.००-८ मापाचा तो टायर ४० सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचा, १० सेंटिमीटर रुंद. व्यास झकास, पण तो भरलेल्या रिक्षाखाली चालायला केलेला, अंगाने ताठ. हवा काढली तरी २४ किलोंना तो दबत नाही. फुग्यासारखी मऊ रुंद चाकं बाहेरून मागवता येतात, मात्र महाग पडतात. ती परवडत नसतील तर एक गावठी तोड आहे. पाण्याच्या २५० मि.मी. एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपचे २०० मि.मी. रुंद तुकडे कापायचे, दोन्ही तोंडांना मरीन प्लायच्या चकत्या बसवायच्या, मधून आस. अशी जोडी मी एकाला करून दिली आहे. पाणंदीतल्या दगडांवर खडखडते, लोक वळून बघतात. पण वाळूवर बुडत नाही आणि पंक्चरचा प्रश्न मिटला.

आता सरकत्या भागांकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. तुम्ही पाच ठिकाणी सरकतं ठेवलंत. प्रत्येक सरकत्या जोडात अर्धा-एक मिलिमीटर ढिलाई लागतेच, नाहीतर तो सरकणार कसा? त्या ढिलाईत वाळू शिरते. पहिल्या महिन्यात गाडी खुळखुळते, दुसऱ्या महिन्यात जोड आवळून बसतो आणि मग कोणीतरी हातोडी घेतो. तेव्हा एकेक जोडाला विचारू या की बाबा, तू कशाला हवास?

आस पुढेमागे सरकणारा नको. गाडी कयाकला पट्ट्याने बांधायची आहे ना? मग आस हलवण्यापेक्षा गाडीच कयाकखाली पुढेमागे करा. ती सोय फुकटात मिळते, त्यासाठी पाइप कापायची गरज नाही. कुठे बांधायची ते मात्र मोजून ठरवा. कयाक एका ओंडक्यावर आडवी ठेवून तोलून बघा, तोल सापडला की तिथे मार्कर पेनने रेघ मारा. ज्या टोकाला धरून ओढणार, त्याच्या उलट बाजूला, म्हणजे रेघेच्या २० सेंटिमीटर मागे, आस आला पाहिजे. कयाक आणि सामान मिळून ४० किलो, गुणिले ०.२ मीटर, म्हणजे ८. तुमचा हात आसापासून दोन मीटरवर असेल तर हातात ४ किलो येतात. तेवढे हवेतच. हातात काहीच वजन नसेल तर पहिल्याच खड्ड्यात नाक वर उडतं आणि शेपूट वाळूत घासतं. आस रेघेपासून अर्धा मीटर लांब गेला तर मात्र हातात १० किलो लटकतात. दर कयाकवर दोन रेघा मारून ठेवा, तोलाची एक आणि आसाची एक. पाहुणे स्वतः बांधतील, तुम्हाला ओरडावं लागणार नाही.

उंची सरकती कशाला, हे मला पत्रातून कळलं नाही. बूड चाकांच्या वर चार बोटं राहिलं की झालं. जास्त उंच केलीत तर पाणंदीच्या उतारावर कलंडेल.

दांडा तर नकोच. कयाकच्या नाकाला दोरीचा फास असतो, तोच दांडा. आणि पुळणीवर ढकलू नका, ओढा. ढकलताना तुमचा जोर थोडा खाली जातो, ओढताना थोडा वर. सुक्या वाळूत गाडी नुसती चालती ठेवायला ओझ्याच्या पाव भागाइतका जोर लागतो असं धरा, म्हणजे १२ किलो (डांबरावर एक किलोही पुरतो). ३० अंशांच्या कोनात १२ किलोंनी ढकललंत तर त्यातले ६ किलो चाकांवर चढतात, ओढलंत तर ६ उतरतात. दोन्हींत १२ किलोंचा फरक, तोही काही न विकत घेता. पाणंदीच्या चढाला एकाने मागून हात लावला तर हरकत नाही, तिथे जमीन घट्ट आहे. शिवाय सुकी वाळू नाकासमोर, सगळ्यात कमी अंतरात पार करा आणि ओल्या घट्ट वाळूवर पोचल्यावर मगच आडवे वळा. माणसं सरळ रेषेत तिरकी जातात आणि उगाच दमतात.

उरली रुंदी. ती खरोखर सरकती हवी, कारण एकट्याची कयाक, दोघांची कयाक आणि फळी यांची बुडं वेगवेगळी. इथे मन लावून काम करा. एक इंची मीडियम (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप बाहेरून ३३.७ मि.मी., जाडी ३.२, म्हणजे आतून २७.३. पाऊण इंची पाइप बाहेरून २६.९. तो आत जातो आणि सरकण्यापुरतीच फट उरते. अडतं कुठे, तर मोठ्या पाइपच्या आतल्या वेल्डच्या शिवणीला. लांब गोल कानस घालून ती शिवण उतरवा. लाइट पाइप घेतलात तर सहज सरकेल, पण गाडी दमेकऱ्यासारखी हलेल.

भोकांची एक खुबी सांगतो. बाहेरच्या पाइपला दर २५ मि.मी.वर भोक पाडा, आतल्याला दर २० मि.मी.वर. आतल्याला पाच भोकं पुरेत. आता दर ५ मि.मी.ला कुठली ना कुठली जोडी समोरासमोर येते. पाच-पाच मिलिमीटरवर भोकं पाडून पाइपची चाळण करावी लागत नाही. व्हर्निअर कॅलिपरची पट्टी याच तत्त्वावर चालते. पिअर व्हर्निअरने ते १६३१ साली छापून मांडलं, आपण अजून आयटीआयच्या पहिल्या वर्षाला त्यावरून मुलांना घाम फोडतो. खीळ म्हणून ट्रॅक्टरच्या दुकानातली लिंच पिन घ्या आणि ती दोरीने गाडीलाच बांधा. स्प्रिंगचं बटण असलेले जोड वाळूत दोन आठवडेही टिकत नाहीत. आणि भोकं आडवी ठेवा, खालून एक बारीक भोक पाणी निथळायला.

काही गाड्यांना कयाकच्या पाणी निथळायच्या भोकांत घुसणारे उभे खुंट असतात. दिसतं छान, बांधायची कटकट नाही. पण सगळं वजन त्या भोकांच्या कडांवर येतं आणि तिथूनच चीर पडते. बूड गाडीच्या बाकावर, म्हणजे वरच्या आधाराच्या पट्टीवर टेकवा, वरून पट्टा आवळा. उन्हात उभी ठेवताना पट्टा सैल करा. तापलेलं प्लास्टिक मऊ होतं आणि बुडाला कायमचा खळगा पडतो.

कूलबॉक्ससाठी फळकूट? दोन खाचा केलेली प्लायची साधी फळी त्याच बाकांवर ठेवा. काम झालं की भिंतीला टेकवा.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी पवना धरणाकाठी तंबू टाकायला जातो. तंबू, खुर्च्या, ताडपत्री, शेगडी, पाण्याचे कॅन असा सगळा ऐवज गाडीपासून काठापर्यंत न्यायचा असतो. ऑनलाइन मिळणारी कापडी, घडीची, चार चाकांची गाडी घेतली, ती चिखलात अडकते. तिचीच चाकं मोठी करता येतील का? सायकलची लावली तर?

उत्तर : तिला हात लावू नका, घरी कुंड्या हलवायला ठेवा. चार छोटी चाकं म्हणजे खडबडीत जमिनीवर चार वेळा अडणं. त्यातून तिचे पाय पातळ पाइपचे, मोठ्या चाकाचा हिसका सोसायचे नाहीत.

दोन चाकांची करा. सायकलच्या चाकाचा व्यास चांगला आहे, दगड सहज ओलांडेल. पण त्याचा आस ९-१० मि.मी.चा आणि तो दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरण्यासाठी केलेला असतो. एकाच बाजूने बसवलात तर वाकतो. म्हणून प्रत्येक चाकाच्या बाहेरच्या अंगालाही पट्टी द्या, म्हणजे चाक दोन पट्ट्यांच्या मध्ये आलं. २० इंची, लहान मुलांच्या सायकलची चाकं घ्या, भंगारात सापडतील.

तुमच्या कामात सरकता हवा तो दांडा, कारण चौघींच्या उंच्या चार. उभं राहिल्यावर कोपर किंचित वाकून मूठ जिथे येते ती उंची, त्याच्या वर-खाली दोन-दोन भोकं, बस. पाण्याचे कॅन तळाशी आणि आसाच्या बरोबर वर ठेवा. तंबू, खुर्च्या कुठेही जाऊ देत, त्यांना वजन नाही, नुसता फुगारा आहे. काठावर उतार असेल तर ब्रेकच्या भानगडीत पडू नका. दोन लाकडी पाचरी दोरीने बांधून ठेवा.

प्रश्न : सर, मी रत्नागिरीला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला अशीच गाडी करतोय. ॲल्युमिनियमची करावी का? आणि पेटंट मिळेल का?

उत्तर : ॲल्युमिनियम जरूर, पण बोल्टने जोडा. ६०६१-टी६ या जातीच्या ॲल्युमिनियमची नळी वेल्ड केली की वेल्डशेजारचा पट्टा मऊ पडतो, ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास घटते, आणि गाडी नेमकी तिथेच मोडते. स्टीलचे बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर आणि बाही घाला. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

पेटंट २० वर्षांचं असतं, पण त्यासाठी कल्पना नवी लागते. पाइपात पाइप आणि मध्ये खीळ हे तुझ्या-माझ्या आजोबांच्या आधीचं आहे. खरंच काही नवं सुचलं असेल तर आधी अर्ज कर, मग मला पत्र लिही. इथे छापून आलं की ते नवं राहत नाही.

प्रश्न : वेंगुर्ल्याला आमच्या स्टेनलेसच्या गाडीला एका पावसात तांबूस डाग पडले. लोहचुंबक चिकटत नव्हता, म्हणून चांगलं स्टील समजून घेतलं होतं. चाकंही करकरतात.

उत्तर : चुंबक इथे कामाचा नाही. २०२ आणि ३०४ या स्टेनलेसच्या दोन्ही ग्रेडना तो चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी, मॅंगनीज जास्त, म्हणून स्वस्त, आणि समुद्रावर लवकर डागाळतं. दुकानदाराकडे थेंब टाकून तपासायचं रसायन असतं, ते समोर टाकायला लावायचं आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यायचा. खाऱ्या हवेत ३०४ लाही डाग पडतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते जास्त टिकतं. मात्र गाडीसाठी मी जीआय पाइपच वापरतो. वेल्ड करण्याआधी जोडावरचा जस्ताचा थर घासून काढायचा आणि काम उघड्यावर करायचं. जस्ताचा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डवर मग झिंकचा रंग दोन हात.

करकर बेअरिंगची आहे. बॉल बेअरिंग वाळूत आणि खाऱ्या पाण्यात घालूच नये. ती काढून एचडीपीईच्या दांड्यातून बुश, म्हणजे आसावर बसणारी नळी, कातून घ्या, आसापेक्षा अर्धा मिलिमीटर ढिली. नायलॉनची नको, ती पाणी पिऊन फुगते आणि आस आवळते. ग्रीस लावू नका, त्याला वाळू चिकटते. दिवसाअखेर गोड्या पाण्याची एक बादली, तीही आधी चाकांच्या मध्यावर आणि उरलेली पाइपवर.