स्पॅनिशमध्ये नोकरी-व्यवसायाविषयीच्या इच्छा आणि आशा कशा व्यक्त कराव्यात?

आपण विचारले आहे की ‘मला अनुवादक व्हायचे आहे’ हे स्पॅनिशमध्ये जमते, पण ‘आईची इच्छा आहे’ किंवा ‘नोकरी मिळेल अशी आशा आहे’ असे काही आले की क्रियापद चुकते, ते का. मीही बरीच वर्षे इथेच अडखळत होतो, कारण प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत जुळवायचो. मराठीतून थेट गेल्यास वाट पुष्कळ सोपी आहे.

इच्छा करणारा आणि काम करणारा एकच असेल, तर क्रियापदाचे मूळ रूप पुरते: ‘किएरो सेर त्रादुक्तोरा’, म्हणजे मला अनुवादक व्हायचे आहे (पुरुष ‘त्रादुक्तोर’ म्हणेल). व्यवसायाच्या नावाआधी ‘उना’ (म्हणजे ‘एक’) लावू नये; ‘चांगली अनुवादक’ म्हणायचे असेल तेव्हा मात्र ते येते. इच्छा एकाची आणि काम दुसऱ्याचे असेल, तर ‘के’ (म्हणजे ‘की’) आणि त्यापुढे सुबखुन्तिवो, म्हणजे इच्छा-आशा अशा वाक्यांत येणारे क्रियापदाचे खास रूप: ‘मि मादरे किएरे के सेआ त्रादुक्तोरा’. याचे मराठी करून पाहा: ‘मी अनुवादक व्हावे अशी आईची इच्छा आहे.’ हे ‘व्हावे’ म्हणजे शाळेत शिकलेला आपला विध्यर्थ, आणि इच्छेच्या वाक्यांत सुबखुन्तिवो जवळजवळ त्याच्याच जागी बसतो.

खरी फसगत ‘एस्पेरो’पाशी, म्हणजे ‘मला आशा आहे’ या शब्दापाशी होते. ‘शिष्यवृत्ती मिळेल अशी आशा आहे’ असे आपण भविष्यकाळात म्हणतो, म्हणून मी निबंधात ‘एस्पेरो के मे दारान ला बेका’ असे लिहिले होते आणि ‘दारान’खाली लाल रेघ आली. ‘दारान’ हा भविष्यकाळ; तिथे सुबखुन्तिवोतले ‘देन’ हवे होते. तेव्हापासून मी मनात आधी ‘मिळेल’चे ‘मिळावी’ करतो आणि मग स्पॅनिशकडे वळतो. ‘ओखाला’ या शब्दाचेही तसेच आहे: ‘ओखाला मे यामेन’, त्यांनी मला बोलवावे, एवढीच इच्छा. हा शब्द अंदालुसी अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘ईश्वराची इच्छा असेल तर’ असा आहे. पोर्तुगीजमधला ‘ओशाला’ हा त्याचाच भाऊ.

मुलाखतीत ‘किएरो’ थोडे हट्टी वाटते. ‘मे गुस्तारिया’ बरे. ‘मला आवडेल’ची रचनाही हीच, कारण ‘मे’ म्हणजे ‘मला’. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना या रचनेचा जो धाक वाटतो, तो आपण बाळगण्याचे काहीच कारण नाही.

‘कारेरा’ म्हणजे बहुतेक वेळा पदवीचा अभ्यासक्रम, आपले ‘करिअर’ नव्हे. ‘क्वांदो तेर्मीने ला कारेरा, मे गुस्तारिया त्राबाखार दे इंतेर्प्रेते’, म्हणजे पदवी पूर्ण झाल्यावर मला दुभाषी म्हणून काम करायला आवडेल. इथे ‘तेर्मीने’ उच्चारताना आघात मधल्या ‘मी’ या अक्षरावर द्यावा. तो शेवटच्या ‘ने’वर गेला, तर त्या शब्दाचा अर्थ ‘मी पूर्ण केले’ असा होतो आणि समोरचा आपली पदवी कधीच हातात आली असे समजू शकतो.

‘एस्पेरार’चा दुसरा अर्थ वाट पाहणे. अर्जाच्या शेवटी ‘केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता’ असे लिहितात, म्हणजे आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत आहे. ते वाक्य तसेच्या तसे पाठ करून ठेवावे, त्यात सुबखुन्तिवोची भानगड नाही.