वावर विकून पुण्याला जावं का?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३४, शिक्षण बी.कॉम., जिनिंग फॅक्टरीत हिशेबाचं काम, पगार १९,००० रोख, पीएफ नाही. पत्नी घरी शिवणकाम करून महिन्याला सहा हजारांच्या आसपास मिळवते. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. आईवडील सोबत असतात, वडील ६३ वर्षांचे. पाच एकर कोरडवाहू वावर (शेती), त्यात तीन एकर पऱ्हाटी (कपाशी) आणि दोन एकर सोयाबीन-तूर. चाकणच्या एका गोदाम-वाहतूक कंपनीनं ४ लाख ८० हजारांचं पॅकेज देऊ केलं असून १ ऑक्टोबरला रुजू व्हायचं आहे. बायको-मुलीला घेऊन पुण्याला जावं, दोन एकर १६ लाखांना विकावं आणि मोशीकडे ३८ लाखांचा फ्लॅट बुक करावा, असा त्यांचा विचार आहे. शेवटी लिहिलं आहे, 'जमते का तेवढं सांगा.'

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. जीव टांगणीला लागू नये म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. नोकरी घ्या. वावर विकू नका. आणि सुरुवातीला एकटे जा.

तुम्ही ४ लाख ८० हजारांना बाराने भागून महिन्याचे ४०,००० धरले. तेवढे हातात येत नाहीत. मूळ पगार १९,००० दाखवला आहे, म्हणजे तुमच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी २,२८०. कंपनी तेवढाच भरेल, पण तोही पॅकेजमध्येच मोजलेला आहे. ग्रॅच्युइटीचे नऊशेएक रुपये पॅकेजमध्ये दिसतात, पण कायम नोकरीत ते पाच वर्षं टिकल्यावर मिळतात. व्यवसाय कर २०० रुपये. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, त्यामुळे ती काळजी नाही. सगळं वजा जाता बँकेत जमा होतील ते साधारण ३४,३००.

आता आजचं घर बघू. तुमचे १९,००० आणि वहिनींचे ६,००० मिळून २५,००० येतात आणि खर्च १५,००० होतो, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे दहा हजार उरतात. तुमच्या पगारात हे शक्य होतं, कारण घर स्वतःचं आहे, तुरीची दाळ घरची आहे, दूध दारच्या गाईचं आहे, आणि मुलगी शाळेतून आली की आजी घरात असते. यातल्या कशाचीच पावती येत नाही, म्हणून ते कुठल्या हिशेबात धरलं जात नाही. पुण्याला पोचलात की पहिल्याच महिन्यापासून या प्रत्येक गोष्टीला पैसे मोजावे लागतील.

तुमच्या मित्रानं कळवलेलेच आकडे घेतो. भाडं आणि मेंटेनन्स १२,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस ९,५००. पेट्रोल २,५००. मुलीची शाळा आणि व्हॅन ४,२००. लाईट बिल आणि मोबाईल १,५००. दवाखाना १,०००. वर्षातून तीनदा तिघांचं गावी येणं-जाणं, दिवाळीतले ट्रॅव्हल्सचे चढे दर धरून, महिन्याला सरासरी २,०००. आईबाबांना पाठवाल ते ४,०००. बेरीज ३६,७००. आज महिन्याला १०,००० शिलकीत असलेलं घर तिथं २,४०० रुपये तोट्यात जातं. यात हौसमौज धरलेलीच नाही.

एकटे गेलात तर चित्र वेगळं आहे. दोघातिघांत खोली ४,५००, मेस ४,०००, जाणं-येणं १,५००, किरकोळ १,५००, आणि महिन्यातून एकदा घरी यायचे २,०००, असे १३,५०० जातील. उरतील २०,८००. गावातला खर्च तुमच्याविना १३,००० धरा. त्यातले सहा हजार वहिनींचे, म्हणजे तुम्हाला ७,००० पाठवायचे. तुम्ही रविवारी आणि सकाळी वावरात जे राबता त्यासाठी गडी लावावा लागेल, त्याचे वर्षाचे पंचवीसेक हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार. तरी हातात ११,८०० शिल्लक राहतात. शिवाय तुमचा आणि कंपनीचा मिळून ४,५६० रुपये पीएफ आणि पेन्शनमध्ये जमा होतो, जो आज शून्य आहे. दहाचे सोळा हजार झाले. चाळीस हजारांच्या मानानं ही वाढ फार नाही, हे मान्य. पण जिनिंगमध्ये सात वर्षांत तुमचा पगार किती वाढला ते तुम्हीच लिहिलं आहे. पुण्यात जीएसटी आणि मोठ्या कंपनीचा हिशेब हाताखालून गेला की तीन वर्षांनी तुमची किंमत वेगळी असेल. मी 'नोकरी घ्या' म्हणतो ते त्या तीन वर्षांसाठी.

नागपूरकडेही एक डोळा ठेवा. बुटीबोरी आणि मिहान या तिथल्या औद्योगिक पट्ट्यांत याच अनुभवाची माणसं लागतात आणि दारव्ह्याहून नागपूर चार-साडेचार तासांवर आहे. तिथं ३०,००० मिळाले तर मी ते पुण्याच्या ४०,००० पेक्षा कमी समजणार नाही.

आता वावराचं. १६ लाख ऐकायला मोठे वाटतात. पण ३८ लाखांच्या फ्लॅटवर साधारण सहा-सात टक्के मुद्रांक शुल्क, ३०,००० नोंदणी आणि चालू बांधकाम असेल तर जीएसटी धरला की रक्कम ४१ लाखांवर जाते. म्हणजे २५ लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, हप्ता २१,७००. हातात येणार ३४,३००. एवढ्या पगारावर बँक एवढा हप्ता बसवू देणं कठीण, आणि दिला तरी उरलेल्या साडेबारा हजारांत तुम्ही खाणार काय?

शिवाय सातबारा बाबांच्या नावावर आहे आणि जमीन वडिलोपार्जित. पुसदला दिलेल्या बहिणीचा तुमच्याएवढाच हक्क आहे, २००५ च्या कायदा दुरुस्तीपासून. सौद्याआधी तिच्याशी बोलला आहात का? पत्रात तसं दिसलं नाही. गावच्या सेवा सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा आहे, तो आधी उतरवावा लागेल. हे कर्ज मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं. इतका स्वस्त पैसा तुम्हाला दुसरीकडे कुठं मिळणार नाही, तो वावराच्या जोरावर मिळतो. आज दोन एकर विकली तर उद्या तेवढ्याच भावात तिथंच परत मिळतील, ही आशाही धरू नका.

सोयाबीनचे दोन एकर झेपत नसतील तर पुढच्या हंगामापासून मक्त्यानं द्या. मात्र एका हंगामाचाच लेखी कागद करा आणि सहीआधी वकिलाला दाखवा. विदर्भाचा कूळकायदा वेगळा आहे, १९५८ चा, आणि गावात तोंडी ठरवलेल्या मक्त्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

पऱ्हाटीची मात्र मला जास्त काळजी आहे. बाबा म्हणाले, 'जाय तू बिनघोर, वावराचं मी पाहतो.' बापाचं मन असंच बोलतं. पण ऑक्टोबरमध्ये काय होईल ते डोळ्यासमोर आणा. पऱ्हाटी छातीला लागलेली, बोंडअळीची फवारणी राहिलेली, गड्याची रोजी वाचवायची म्हणून बाबा सोळा लिटरचा पंप स्वतःच पाठीवर घेतील आणि फवारा तोंडासमोर उडेल. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात अशा फवारणीत विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं दगावली. तेव्हा मी अशा दोन घरांचे विम्याचे कागद भरून दिले होते. त्यातल्या एका घरी पंप तसाच ओट्यावर ठेवलेला होता, त्याला कोणी हात लावत नव्हतं. म्हणून सांगतो, फवारणीचा गडी जाण्याआधी ठरवा, त्याला मास्क आणि हातमोजे घेऊन द्या, आणि त्याचे पैसे आगाऊ वहिनींच्या हातात ठेवून जा.

विक्रीचंही ठरवून जा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० होता, पण सीसीआयला, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करून स्लॉट घ्यावा लागतो. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, तीही मोबाईलवरच. बाबांकडे साधा फोन. हे आजवर तुम्ही करत होता. तुम्ही नसाल तेव्हा घरात साठवलेला कापूस, त्यानं अंगाला सुटणारी खाज सोसत, स्लॉट मिळेपर्यंत कोण सांभाळणार? दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला देऊन बाबा मोकळे होतील. क्विंटलमागं हजार रुपये गेले तर वीस क्विंटलला वीस हजार गेले, म्हणजे तुमची पुण्यातली जवळपास दोन महिन्यांची बचत. हे काम आतापासून वहिनींना शिकवा. नोंदणी, स्लॉट, चुकारा (कापसाचे पैसे) खात्यात आला का ते पाहणं, सगळं. शेजारच्या पोरावर ठेवू नका.

मुलीचं एक लक्षात ठेवा. नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा पाचवीत असते. ग्रामीण कोट्यातून बसायचं तर तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत व्हावी लागते, आणि पाचवी ज्या जिल्ह्यात, तिथल्याच नवोदयसाठी अर्ज करता येतो. ती हुशार आहे असं तुम्ही लिहिलंच आहे. मधेच पुण्याच्या शाळेत नेलं तर ही संधी हातची जाईल. एवढ्या एका कारणासाठीही मी तिला पाचवी होईपर्यंत गावातच ठेवीन.

पतसंस्थेत ठेवलेले १,४०,००० मुदत संपताच बँकेत हलवा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. त्यातले ४०,००० पुण्यातली खोली, डिपॉझिट आणि पहिला पगार होईपर्यंतच्या खर्चासाठी काढा, बाकीला हात लावू नका. कंपनीच्या आरोग्य विम्यात आईबाबा येतात का ते लेखी विचारा. बहुतेक वेळा येत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड मात्र दोघांचं काढून ठेवा, घराला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात.

रुजू व्हायला महिनाभर पुढची तारीख मागून बघा. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी उरकून निघालात तर बाबांवरचा निम्मा भार उतरेल. विचारलं म्हणून कोणी नोकरी काढून घेत नाही.

शेवटचं, आणि मला सगळ्यांत जास्त खटकलेलं. तुमच्या अडीच पानांच्या पत्रात बाबांचं म्हणणं आहे, मित्राचं आहे, फ्लॅटच्या एजंटचंही आहे. वहिनींचं एक वाक्य नाही. त्यांचे सहा हजार तुम्ही 'घरबसल्या थोडंफार' असं लिहिलं आहे. ते घराच्या मिळकतीतले चार आण्यांच्या जवळपास झाले. त्यांची गिऱ्हाइकं जमायला सहा वर्षं लागली. मोशीच्या बिल्डिंगमध्ये ती पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागतील. त्यांना तिथं जायचंच असेल, तर मी वर मांडलेला हिशेब बदलेल. मग दोन वर्षांनी कुठलं काम, किती भाडं, हे नव्यानं बसवू. नसेल जायचं, तर तेही तुम्हाला आजच कळलं पाहिजे.

हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते त्यांच्याच हातानं लिहून मला पाठवा, सोबत त्यांच्या मापांच्या वहीतल्या गेल्या तीन महिन्यांच्या कामाचा हिशेबही.