वाचकांचे प्रश्न : माझं कुंकू कुठं गेलं?

प्रश्न : ताई, मी पेंटॅक्सचा के-३ मार्क ३ मोनोक्रोम, म्हणजे फक्त ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढणारा कॅमेरा, सेकंडहँड घेतला आणि पहिला मोठा वापर माउलींच्या पालखीत केला, सासवडपासून फलटणपर्यंत. फाइली लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, तर ब्लॅक अँड व्हाइटचे रंगवार स्लायडर चालतच नाहीत. मला भगव्या पताका आभाळापासून सुट्या करायच्या होत्या. शिवाय फोटोत वारकऱ्यांची धोतरं जळाली आहेत, म्हणजे तपशील जाऊन पार पांढरी झाली आहेत; हायलाइट खाली ओढला की नुसता राखाडी डाग उरतो. कॅमेरा बिघडलेला गळ्यात पडला का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे. ते स्लायडर बंद असणारच. साध्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर रंगाची इवलीशी काच असते. दर चारांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. उरलेले रंग सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरतं. म्हणून घरी बसून केशरी उजळ, निळा गडद असं करता येतं. तुमच्या कॅमेऱ्यात ती काचच नाही. ठिपक्याला कळतं ते एवढंच, की उजेड किती आला. तो पताकेवरून आला की आभाळातून, हे फाइलला ठाऊक नाही, तर स्लायडर बिचारा हलवणार काय?

धोतरांचंही मूळ तेच. रंगीत फाइलमध्ये पांढरं जळताना तिन्ही रंग सहसा एकदम जात नाहीत. एखादा वाचतो आणि त्याच्या आधारानं सॉफ्टवेअर बाकीचं रचतं. इथं आधाराला कुणी नाही. गेलं ते गेलं. सावलीत मात्र हा कॅमेरा गडगंज श्रीमंत आहे, कारण काचेत अडकणारा उजेडही त्याला मिळतो. माझे वडील फलटणच्या आमच्या स्टुडिओत निगेटिव्ह उजेडाकडे धरून म्हणायचे, ‘सावलीला उपाशी ठेवू नकोस.’ फिल्मला ते लागू होतं. इथं नेमकं उलट करा. धोतर, टोपी, पांढरा बैल, जे फ्रेममध्ये सगळ्यांत पांढरं असेल ते आधी वाचवा. उन्हात एक्सपोजर एक स्टॉप खाली ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), मागच्या पडद्यावर चेहरे काळे दिसले तरी घाबरू नका. ते घरी वर येतात, आणि फार रवा, म्हणजे दाणेदारपणा, न धरता येतात. रंगीत ठिपक्यांची ती घाणेरडी पुरळ तर उठतच नाही.

आता पताका. ते काम शटर दाबण्याआधीच करायचं, लेन्सवर रंगीत फिल्टर लावून. फिल्टर स्वतःचा रंग उजळ करतो आणि विरुद्ध रंग गडद. केशरी लावलात की भगवं उजळतं, निळं आभाळ काळवंडतं. उजेडाचं नुकसान पिवळ्याला साधारण एक स्टॉप, केशरीला दोन, लालला तीन. म्हणजे लाल लावला तर आयएसओ २०० चं थेट १६०० होतं, नाहीतर शटर तेवढं मंदावतं. पण एक सांगते, आषाढात आभाळ निळं असतं कुठं? दिवे घाटावर ढग दाटले असतील तर कुठलाच फिल्टर पांढऱ्या ढगाला काळं करणार नाही. तिथं घरी आभाळावर ग्रेडियंट ओढून ते दाबायचं, तेही ढगात काही तपशील वाचला असेल तरच. जेजुरीचा भंडारा असाच फसवतो. पिवळ्या फिल्टरमधून तो जवळजवळ पांढरा होतो आणि उन्हात जळतो. उधळण टिपायची असेल तर फिल्टर खिशात ठेवा.

आणि फिल्टर लावताना समोर काय लाल आहे ते बघा. हे मी माझ्या फजितीवरून सांगते आहे. फलटणच्या मुक्कामात फुगड्या रंगल्या होत्या, आभाळ त्या दिवशी लख्ख निळं, आणि मी हौसेनं लाल फिल्टर चढवलेला. एका आजींचा फोटो इतका झकास आला की बारा बाय अठराचा प्रिंट काढला आणि पुढच्या वर्षी शोधत जाऊन त्यांच्या हातात ठेवला. आजींनी तो पदरानं पुसला, जवळ धरला, लांब धरला. मग कपाळावर बोट टेकवून म्हणाल्या, ‘अगं बाई, माझं कुंकू कुठं गेलं?’ शेजारी गळ्यात टाळ अडकवून आजोबा उभे! लाल काचेतून लाल कुंकू आणि उजळलेली कातडी एकाच राखाडीत विरून गेली होती. शेजारणीच्या कपाळावरचा बुक्का मात्र काळाकुळकुळीत जागेवर. मी डार्करूममध्ये वाढलेली बाई, लाल दिव्याखाली लाल पेन्सिलीनं लिहिलेलं दिसत नाही हे लहानपणापासून पाहिलेली. तरी चुकले.

परत येऊन फाइल उघडली. रंगावरून मास्क करायला रंगच नाही, तेव्हा दोनशे टक्के मोठं करून कपाळ बघत बसले. घामानं कातडी चकचकत होती आणि मधोमध एक वाटोळा भाग चमकत नव्हता, कोरडा, पिठूळ. कुंकू तिथंच होतं. बारीक ब्रशनं त्या कडेवरून फिरत तेवढंच गडद केलं. काढलं काही नाही, होतं तेच दाखवलं. दुसरा प्रिंट पोस्टानं गेला.

तुमच्या फाइलींबद्दल राहिलेलं पटकन सांगते. त्या उघडल्यावर मेणचट, सपाट दिसतात, ते स्वाभाविक आहे. क्लॅरिटीचा स्लायडर रेटण्याआधी कर्व्हला, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या आलेखाला, हात घाला. आधी काळं कुठं ठेवायचं ते ठरवा, मग मधले राखाडी. शार्पनिंग लाइटरूम आपसूक ४० वर ठेवतं, ते मी पंधराच्या आसपास आणते. अंदाजानं भरलेले ठिपके नसल्यानं फाइल मुळातच धारदार असते. चाळीसवर आजोबांची दाढी तारेच्या ब्रशासारखी दिसते. जुन्या लेन्सची जांभळी किनार इथं राखाडी होऊन बसते आणि ती काढणारी लाइटरूममधली खूण चालत नाही, तेव्हा भिंगाचं छिद्र दोन स्टॉप बारीक करून वापरा. जळालेल्या धोतरांवर वेळ घालवू नका.

प्रश्न : माझ्याकडे पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर नाही. मित्राच्या याच कॅमेऱ्याची पीईएफ (पेंटॅक्सची रॉ) फाइल फुकटच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर फोटोवर जाळी आणि रंगांची छटा दिसते. फाइल खराब झाली का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही. प्रोग्रॅमला वाटतंय की ठिपक्यांवर रंगीत काचा आहेत, म्हणून तो नसलेले रंग भरत सुटलाय. हे रंग भरणं म्हणजे डीमोझेइक. रॉथेरपी या प्रोग्रॅममध्ये डीमोझेइकच्या यादीत ‘मोनो’ निवड, डार्कटेबल असेल तर त्याच यादीत मोनोक्रोम पासथ्रू. जाळी जाईल. आणि मित्राला सांग, कॅमेऱ्यात पीईएफऐवजी डीएनजी हा रॉ फाइलचा दुसरा प्रकार लाव. आपण एकरंगी आहोत हे ती फाइल स्वतःच सांगते, पुढची कटकट वाचते.

प्रश्न : लग्नाची कामं करतो. असा कॅमेरा घ्यावा का, की रंगीत कॅमेऱ्यावर लाल-पिवळे फिल्टर लावून तोच परिणाम मिळेल?
— एक व्यावसायिक, वेंगुर्ला

उत्तर : लग्नासाठी मुळीच घेऊ नका. शालू कुठल्या रंगाचा होता असं वधूच्या आईनं विचारलं तर काय सांगणार? लायका कंपनीनं २०१२ मध्ये आपला पहिला डिजिटल मोनोक्रोम आणला तेव्हापासून ही हौशी आणि हट्टी माणसांची चीज आहे. मी दोन्हींत मोडते. रंगीत कॅमेऱ्यावर लाल फिल्टरही लावू नका. चारातल्या एकाच ठिपक्याला धड उजेड मिळेल, बाकीचे तीन जवळजवळ उपाशी. तुमच्याकडे स्लायडर आहेत, ते वापरा. फक्त लाल वर ढकलताना नवरीच्या कपाळाकडे लक्ष असू द्या.