अमेरिकेने मतदान यंत्रं सोडून पुन्हा कागद धरला, हे खरं आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक, अमेरिकेसारख्या देशाने मशीन सोडून मतपत्रिका आणली, मग आपण ईव्हीएमला का चिकटून बसलोय? आणि दोन, २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात मशीननेच घोळ घातला होता ना? दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

फ्लोरिडात गाजला तो घोळ बव्हंशी कागदावरचा होता. साधन होतं पंचकार्ड, म्हणजे भोक पाडून मत नोंदवायचं जाड कागदाचं कार्ड, आणि ते वापरायच्या यंत्राचं नाव व्होटोमॅटिक. बर्कलीचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक जोसेफ हॅरिस यांनी आयबीएमच्या पोर्ट-अ-पंच या हाताने भोकं पाडायच्या साधनावरून ते तयार केलं. १९६४ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या फुल्टन आणि डीकॅल्ब काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ते वापरात आलं. आयबीएमने हक्क घेतले आणि काही वर्षांतच या धंद्यातून अंग काढून घेतलं. यंत्र मात्र राहिलं. हलकं, स्वस्त, वीज लागत नाही, मिटून ठेवलं की जागा खात नाही. ऑफिसांतून पंचकार्ड कधीच हद्दपार झालं होतं, तरी २००० साली अमेरिकेतले साधारण एक तृतीयांश मतदार त्यावरच मत देत होते. कारण साधं आहे. तिथे निवडणुका केंद्र सरकार घेत नाही, काउंटी घेते. यंत्रांचा पैसा रस्ते, शेरीफ आणि तुरुंग यांच्याच तिजोरीतून येतो. वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या वस्तूवर खर्च कोण करणार? "चालतंय ना अजून" हा सरकारी युक्तिवाद आपल्याला नवा नाही.

हे यंत्र कसं चालायचं ते नीट बघा, म्हणजे पुढचं सगळं कळेल. कार्ड ७⅜ बाय ३¼ इंचाचं. त्यावर ३१२ जागा, प्रत्येक जागेचा छोटा चौकोन कारखान्यातच कडेने अर्धवट कापलेला, फक्त कोपऱ्यांवर धरलेला. मतदाराने कार्ड यंत्रात वरून सरकवायचं आणि त्याची दोन भोकं वरच्या दोन खिळ्यांवर बसवायची. कार्डावर उमेदवारांची नावं नसतातच. नावं यंत्रावर बसवलेल्या पुस्तिकेत. नावासमोरच्या छिद्रातून टोच्या सरळ खाली दाबायचा, की तिळापेक्षा जरा मोठा तो तुकडा, म्हणजे चॅड, खालच्या रबरी पट्ट्यांच्या फटीतून पेटीत पडतो. पान उलटायचं, पुढच्या पदासाठी पुन्हा टोचायचं.

आता बिघडतं कुठे? कार्ड खिळ्यांवर बसलं नाही तर भोकं सरकतात. टोच्या तिरका धरला तर चॅड एका बाजूने फाटतो, दुसरीकडे लटकून राहतो. रबर वयाने कडक होतं, फट दाबली जाते. आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे साफसफाई. बरीच वर्षं पेटी रिकामी केली नाही की पट्ट्यांखाली चॅडचा थर साचतो, टोच्या खाली जातच नाही. पहिल्या पानावरच्या पदांच्या, म्हणजे अध्यक्षपदाच्या, रांगेखाली दर निवडणुकीत सर्वाधिक टोचणी होते, त्यामुळे तिथे कचरा साचायचा धोकाही जास्त. मग चॅडला नुसता खळगा पडतो. मतदान केंद्रात सूचना असायची की कार्ड बाहेर काढून मागे लोंबणारे तुकडे तपासा. किती जण ते करत असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

मोजणीचं यंत्र कार्डातून प्रकाश पाठवतं. उजेड आरपार गेला तर मत, नाही तर कोरं. लोंबणारा चॅड पहिल्या फेरीत भोकावर झाकणासारखा बसतो, दुसऱ्या फेरीत गळून पडतो. म्हणून तीच कार्डं त्याच यंत्रातून पुन्हा घातली तरी आकडा थोडा हलतो. यात कोणाचा डाव नव्हता, ते या वस्तूच्या स्वभावातच होतं. निवडणूक अधिकाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. फक्त एरवी विजयाचा फरक इतका मोठा असायचा की ही चूक त्यात विरून जायची.

७ नोव्हेंबर २००० ला ती विरली नाही. फ्लोरिडात सुमारे ६० लाख मतं पडली. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांच्यापेक्षा १,७८४ मतांनी पुढे. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असल्याने कायद्याने यंत्रांवर फेरमोजणी झाली आणि तो ३२७ वर आला. परदेशातली मतं मिळून ९३०. अखेर २६ नोव्हेंबरला जाहीर झालेला फरक ५३७. त्या ५३७ वर फ्लोरिडाची २५ इलेक्टोरल मतं आणि व्हाइट हाऊस. देशभरातल्या एकूण मतांत गोर पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे होते, पण तिथला अध्यक्ष इलेक्टोरल, म्हणजे राज्यांना वाटून दिलेल्या, मतांवर ठरतो.

मग सुरू झालं हाताने तपासणं. एक कोपरा जोडलेला तो हँगिंग चॅड, दोन कोपऱ्यांवरचा स्विंगिंग, तीनवर असेल तर ट्राय, आणि नुसता फुगवटा असेल तर डिंपल्ड किंवा प्रेग्नंट. कायद्यात शब्द होते "मतदाराचा स्पष्ट हेतू". हेतू किती कोपऱ्यांवर स्पष्ट होतो, हे कायद्यात नव्हतं. पाम बीच काउंटीत निकष मोजणी चालू असतानाच बदलले, शेजारच्या ब्रॉवर्डमध्ये आणखी सैल होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला फेरमोजणी थांबवली, ती या असमान निकषांच्या आधारावर. निकाल ५ विरुद्ध ४ असा होता आणि त्यावर आजही तिथे दोन तट आहेत.

पण माझ्या मते लटकलेल्या चॅडना नको तेवढी प्रसिद्धी मिळाली. जास्त मतं बाद झाली ती एकाच पदासाठी दोन भोकं पडल्यामुळे. पाम बीचच्या अधिकारी थेरेसा लपोर यांनी ज्येष्ठ मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली. त्या वर्षी राज्यात अध्यक्षपदाचे दहा उमेदवार होते, ते मोठ्या अक्षरात एका पानावर मावेनात. म्हणून नावं समोरासमोरच्या दोन पानांवर आणि भोकांची रांग मधोमध. डाव्या पानावर वरून दुसरं नाव गोर यांचं, पण वरून दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं. गोर यांचं भोक तिसरं. त्या काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली आणि १९ हजारांवर कार्डं दोन भोकांमुळे बाद झाली. डुव्हाल काउंटीत उमेदवार दोन पानांवर एकामागोमाग पसरले होते आणि नमुना मतपत्रिकेवर प्रत्येक पानावर मत द्या अशी सूचना होती. लोकांनी ती पाळली. तिथे २० हजारांवर मतं बाद झाली. हेतू चांगला आणि मांडणी वाईट असली की काय होतं, त्याचा हा नमुना.

आणि नवं तंत्रज्ञान असतं तर हे टळलं असतं, असंही सरसकट नाही. फ्लोरिडाच्या ६७ काउंट्यांपैकी २४ पंचकार्डवाल्या, ४१ मध्ये पेनाने गोळा भरायचा आणि ऑप्टिकल स्कॅनरने मोजायचं. बाद मतांचं प्रमाण सर्वाधिक होतं गॅडस्डेन काउंटीत, सुमारे १२ टक्के, आणि ती पंचकार्डवाली नव्हती, स्कॅनरवाली होती! फरक इतकाच की तिथे मतपत्रिका गोळा करून एका ठिकाणी नेऊन स्कॅन करत. जिथे स्कॅनर मतदान केंद्रातच होता, तिथे दोन गोळे भरले की यंत्र मतपत्रिका परत फेकायचं आणि मतदाराला दुसरी मिळायची. स्कॅनिंगचं तंत्र दोन्हीकडे तेच. कामी आली ती चूक मतदाराच्या समोर दिसण्याची सोय.

निखळ संगणकी घोळ म्हणाल तर तो व्होलुशिया काउंटीतला. मतदानाच्या रात्री २१६ क्रमांकाच्या केंद्राच्या मेमरी कार्डावरून आकडे चढवताना गोर यांच्या खात्यात उणे १६,०२२ मतं आली. उणे मत असं काही असतं का? पण आकडा बेरजेत शिरला आणि त्याच रात्री वाहिन्यांनी बुश जिंकल्याचं जाहीर केलं. गोर यांनी अभिनंदनाचा फोन करून नंतर तो मागे घेतला. मतपत्रिका कागदी होत्या म्हणून ती चूक लगेच सापडली आणि दुरुस्त झाली.

त्यानंतर जी दुरुस्ती झाली तीच पुढचं दुखणं ठरली. २००२ च्या हेल्प अमेरिका व्होट कायद्याने राज्यांना पैसे दिले आणि काउंट्यांनी धडाधड टचस्क्रीन यंत्रं घेतली, त्यातली बरीच कागदाशिवायची. २००६ मध्ये फ्लोरिडातल्याच सॅरासोटा काउंटीत अमेरिकी संसदेच्या (तिथल्या काँग्रेसच्या) एका जागेसाठी सुमारे १८ हजार मतदारांच्या यंत्रात त्या पदाला मतच नोंदलं गेलं नव्हतं. फरक होता ३६९ मतांचा. फेरमोजणी करायची कशाची? कागदच नव्हता. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने कागदी मतपत्रिकेचा कायदा केला.

पंचकार्डाचं यंत्र तीस-चाळीस वर्षं टिकलं. टचस्क्रीन दहा-पंधरा वर्षांतच म्हातारी होते. पडदा धरून ठेवणारा डिंक सैल झाला की स्पर्शाची जागा सरकते आणि बोट एका नावावर असताना खूण दुसऱ्यावर उमटते. मतं फिरवल्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यांतल्या अनेकांमागे हेच असतं. उपाय आहे सकाळी मतदानाआधी पडदा कॅलिब्रेट करणं, म्हणजे स्पर्शाची जागा पुन्हा जुळवणं, आणि दिवसभरात तक्रार आली की ते यंत्र बाजूला काढणं. सुट्या भागांचं त्याहून कठीण. ब्रेनन सेंटर या तिथल्या अभ्याससंस्थेने २०१५ मध्ये लिहिलंय की अधिकारी जुने मोडेम आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या रिबिनी ईबेवर शोधत होते. त्याच वर्षी व्हर्जिनियाने विनव्होट नावाची यंत्रं रद्द केली. त्यांत विंडोज एक्सपी होतं, २००४ नंतर सुरक्षेचं एकही अपडेट नाही, वायफायचा पासवर्ड 'एबीसीडीई'. हॅक झाल्याचा पुरावा सापडला असं नाही. पण झालं असतं तरी पुरावा राहिला नसता, ही खरी भीती.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धं हो. अमेरिका कागदावर परत आली, पण मशीन सोडून नाही. आज बहुतेक ठिकाणी मतदार कागदावर गोळा भरतो, किंवा यंत्र त्याची निवड कागदावर छापून देतं, आणि मोजणी स्कॅनर करतो. कागद पडताळणीसाठी जपून ठेवतात. २०२० मध्ये मिशिगनच्या अँट्रिम काउंटीत मतपत्रिकेतला बदल सगळ्या यंत्रांत चढवला गेला नव्हता, त्यामुळे पहिल्या रात्री ट्रम्प यांच्या बालेकिल्ल्यात बायडेन आघाडीवर दिसले. अधिकाऱ्यांनी आकडे दुरुस्त केले आणि डिसेंबरात सगळे कागद हाताने मोजले तेव्हा दुरुस्त निकालाशी फक्त १२ मतांचा फरक आला. जॉर्जियात त्याच वर्षी सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या. त्यात फ्लॉइड आणि फेयेट काउंट्यांत मोजायच्या राहून गेलेल्या काही हजार मतांचा शोध लागला, निकाल बदलला नाही.

एखादी बातमी आली की मी आधी हे बघतो: आकडा रात्रीचा अनधिकृत आहे की प्रमाणित, त्यामागे कागद आहे का, आणि जितक्या मतांचा घोळ सांगतायत त्यापेक्षा विजयाचा फरक मोठा आहे का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर बातमी सुधारणेच्या कामाची, निकाल उलटवायच्या नाही.

आपल्याकडे सगळं हाताने मोजायचं का? तिथली मतपत्रिका म्हणजे अध्यक्षापासून न्यायाधीश, शाळा मंडळ आणि सार्वमताचे प्रश्न, एकाच कागदावर वीस-तीस पदं. म्हणून त्यांना स्कॅनरशिवाय गत्यंतर नाही. आपल्याकडे लोकसभेला एका मतदाराचं एकच बटण, त्यामुळे व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे ईव्हीएमला जोडलेल्या छपाई यंत्राच्या, चिठ्ठ्या हाताने मोजणं तुलनेने सोपं आहे. सध्या विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्याच मोजतात. हा आकडा फरक किती कमी आहे त्यावर ठरावा, असं माझं मत. पण कागद आला की वाद संपतो, हे मनातून काढा. २०२४ ला मुंबई वायव्य मतदारसंघात ईव्हीएमच्या बेरजेत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले, आणि फेरतपासणी झाली ती बाद ठरलेल्या १११ टपाली मतपत्रिकांची.